जुन्या गाडीचं तोंड खाली आणायचंय? आधी मोजा, मग कापा

गाडीचा पुढचा भाग खाली आणायला पुढच्या स्प्रिंगा थोड्या कापतात, आणि स्प्रिंग कापायला दहा मिनिटं लागतात. किती कापायची हे ठरवायला मात्र पूर्ण दिवस द्यावा लागतो. हा दिवस वाचवायला गेलं की गाडी प्रत्येक खड्ड्यात धाडकन आपटते, टायर आतल्या बाजूने खाल्ले जातात आणि स्टेअरिंग हातात ठरत नाही. म्हणून खाली मोजमापाला जास्त जागा दिली आहे आणि ग्राइंडरला कमी.

ही पद्धत पुढच्या चाकांना वर-खाली दोन आर्म (चाक धरून ठेवणारे लोखंडी दांडे) आणि खालच्या आर्मवर उभी कॉइल स्प्रिंग असलेल्या गाड्यांसाठी आहे. १९५० ते १९७०च्या दशकांतल्या बऱ्याच मागच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारी यात येतात. बहुतेक बीटल किंवा मॉरिस मायनरच्या पुढच्या बाजूला टॉर्शन बार (पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा) असतो, तिथे कापायला स्प्रिंगच नाही. क्रायस्लरच्या १९५७पासूनच्या अनेक मॉडेलांत टॉर्शन बारची उंची एका बोल्टनेच कमी-जास्त होते. मूळ मिनीत रबराचे शंकू आहेत. मस्टँगच्या पहिल्या पिढीत, म्हणजे १९६४ ते १९७३च्या गाड्यांत, स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते. तिथे हिशोबाचं तत्त्व हेच राहतं, पण आर्मची मापं वरच्या आर्मची घ्यायची आणि काढायची रीत वेगळी. जुन्या मर्सिडीजमध्ये कापायच्या आधी स्प्रिंगच्या टोकाचं रबर पॅड बघा. ते वेगवेगळ्या जाडीत मिळतं, पॅडवरच्या टेंगळांवरून जाडी ओळखता येते, आणि थोडाच उतार (गाडी थोडीच खाली) हवा असेल तर पातळ पॅडवर काम भागतं.

गाडी आत्ता कुठे उभी आहे?

चाळीस-पन्नास वर्षांची स्प्रिंग आधीच बसलेली असू शकते. अशी स्प्रिंग कापणं म्हणजे झिजलेल्या चपलेचा तळ आणखी घासणं. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मूळ उंची किंवा स्प्रिंगची मोकळी लांबी दिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. डाव्या-उजव्या बाजूत १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी त्याचं कारण शोधा: तुटलेला वेढा, फाटलेलं बुश (सांध्यातलं रबर), वाकलेला आर्म. बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) आणि बुश खिळखिळे असतील तर तेही आत्ताच बदला, कारण तसंही सगळं उघडणारच आहात.

मोजायची रीत अशी. सपाट फरशीवर गाडी उभी करा, टायरमध्ये ठरलेली हवा, टाकी साधारण अर्धी, डिकी रिकामी. गाडी हाताने चार-पाच मीटर पुढे-मागे ढकला, पुढचं बंपर दोन-तीनदा दाबून सोडा. मग चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कमानीच्या कडेपर्यंत सरळ वर माप घ्या. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजू नका; त्यात टायरची हवा आणि झीज मिसळते. चारही चाकांचं माप लिहून ठेवा, मागचंसुद्धा.

आता गाडीखाली जाऊन तीन मापं घ्यायची आहेत, आणि ती गाडी चाकांवर उभी असतानाच. त्यासाठी चाकाखाली रॅम्प हवेत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, आणि चाकं लोंबत असताना घेतलेली ही मापं निरुपयोगी असतात.

पहिलं माप: स्प्रिंगच्या मधल्या भागात एका वेढ्याच्या मध्यापासून शेजारच्या वेढ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर.
दुसरं: खालच्या आर्मच्या आतल्या बोल्टपासून स्प्रिंगच्या मध्यापर्यंत, आणि त्याच बोल्टपासून खालच्या बॉल जॉइंटपर्यंत.
तिसरं: आर्म आणि बंप स्टॉपचं (चाक फार वर गेलं की आर्म ज्यावर आदळतो त्या ठोकळ्याचं) रबर यांच्यामधली मोकळी जागा.

हिशोब

स्प्रिंगवरचा भार कापण्याआधी जेवढा होता तेवढाच कापल्यानंतरही राहतो. गाडीचं वजन काही बदललेलं नसतं. त्यामुळे उरलेला प्रत्येक वेढा पूर्वीइतकाच दबतो. म्हणजे एक वेढा काढला की स्प्रिंगची उंची नेमकी एका दबलेल्या वेढ्याच्या अंतराने कमी होते. बाहेर काढून ठेवलेल्या मोकळ्या स्प्रिंगवर हे अंतर मोजलं तर ते मोठं येतं आणि अंदाज चुकतो.

दुसरी चूक याहून जास्त वेळा होते. स्प्रिंग चाकावर उभी नसते, आर्मच्या मध्ये कुठेतरी असते. आतल्या बोल्टपासून स्प्रिंग २१० मिमीवर आणि बॉल जॉइंट ३५० मिमीवर असेल तर गुणोत्तर ०.६. स्प्रिंग १७ मिमी खाली आली की चाकापाशी १७ भागिले ०.६, म्हणजे सुमारे २८ मिमी फरक पडतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. १५ मिमी तारेची स्प्रिंग, काम करणारे वेढे ८, गुणोत्तर ०.६. गाडी उभी असताना दोन वेढ्यांमधलं अंतर ३४ मिमी, मोकळ्या स्प्रिंगवर ४७ मिमी. स्प्रिंगची ताकद दर मिलिमीटरला ४.८ किलो, भार सुमारे ५०० किलो. चाकावर गाडीच्या बॉडीचं वजन ३०० किलोच आहे, पण ०.६च्या तरफेमुळे स्प्रिंगला ५०० सोसावे लागतात.

अर्धा वेढा कापला तर चाकापाशी २८ मिमी उतार. एक वेढा कापला तर ५७ मिमी. मोकळ्या स्प्रिंगच्या ४७ मिमीवरून कुणी हिशोब केला असता तर अर्ध्या वेढ्याला ३९ मिमी उतार धरला असता. आणि गुणोत्तर विसरून कुणी फक्त १७ मिमी धरले असते. दोघांचीही गाडी मनासारखी बसली नसती.

आता कडकपणा. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आणि ती किती कडक होते हे जुन्या वेढ्यांना नव्या वेढ्यांनी भागून कळतं. ८ भागिले ७.५ म्हणजे सुमारे ७ टक्के जास्त. एक पूर्ण वेढा काढला तर १४ टक्के. बैठकीवर टेकलेला, न वळणारा वेढा या मोजणीत धरायचा नाही.

‘स्प्रिंग कडक झाली, म्हणजे आपटणार नाही’ असं ऐकायला मिळतं. आकडे उलट सांगतात. समजा मूळ गाडीत चाकाला बंप स्टॉपपर्यंत वर जायला ८० मिमी जागा होती. चाकापाशी स्प्रिंगचा जोर दर मिलिमीटरला १.७३ किलो पडतो (४.८ गुणिले ०.६ गुणिले ०.६). म्हणजे स्टॉपला टेकेपर्यंत स्प्रिंग सुमारे १३८ किलो जादा धक्का पेलायची. अर्धा वेढा कापल्यावर जोर १.८४ किलो झाला, पण जागा ५२ मिमीच उरली: जेमतेम ९६ किलो. सात टक्के कमावले आणि तीस टक्के गमावले. कापलेल्या स्प्रिंगची गाडी आपटते ती यामुळे.

शेवटचा हिशोब सुरक्षिततेचा. उदाहरणातली मोकळी स्प्रिंग ३९० मिमी लांब आहे. चाक पूर्ण लोंबतं तेव्हा वरच्या आणि खालच्या बैठकीत ३३३ मिमी अंतर पडतं, म्हणजे तेव्हाही स्प्रिंग ५७ मिमी दबलेली असते. अर्धा वेढा कापला की मोकळी लांबी ३६६, अजून ३३ मिमी दाब शिल्लक. एक वेढा कापला की ३४३, फक्त १० मिमी. दीड वेढा कापला तर ३१९ मिमी: गाडी उंचवट्यावरून उडाली की स्प्रिंग बैठकीत सैल होणार, फिरणार आणि वाकडी बसणार. या गाडीत अर्धा वेढा ठीक, एक वेढा धोक्याच्या काठावर, दीड वेढा अजिबात नको. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पण हे तीन हिशोब कागदावर झाल्याशिवाय ग्राइंडरला हात लावू नका.

साधारण ४० मिमीपेक्षा जास्त उतार हवा असेल तर स्प्रिंग कापण्याचा रस्ता सोडा. त्यासाठी ड्रॉप स्पिंडल असतो. त्यात चाकाचा आस उंच बसवलेला असतो, त्यामुळे आर्मचे कोन आणि बंप स्टॉपची जागा न बदलता गाडी खाली येते.

टोकं बघा

सगळ्याच स्प्रिंगा कापण्याजोग्या नसतात. एखादं टोक मोकळं असतं: तार आपल्या चढणीने जाते आणि तशीच संपते. त्याची बैठकही तशीच चढत्या खोबणीची असते. कापायचं ते हेच टोक. दुसऱ्या प्रकारात शेवटचा वेढा दाबून शेजारच्याला चिकटवलेला असतो, कधी वरून घासून सपाट केलेला असतो. हे टोक सपाट बैठकीवर बसतं. ते कापलंत तर तारेचं एकच टोक बैठकीवर टेकतं, स्प्रिंग तिरकी होते आणि त्या एका जागी सगळा भार येऊन तार तुटते. तिसरा प्रकार डुकराच्या शेपटीसारखा आत वळत लहान होत गेलेल्या टोकाचा. दोन्ही टोकं या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारची असतील तर कापायचा विचार सोडून तयार आखूड स्प्रिंगा घ्या.

एक टोक सपाट आणि एक मोकळं असेल तर काम सोपं, अर्धा-पाव कितीही कापा, सपाट टोक कुठेही फिरवून बसवता येतं. दोन्ही टोकं मोकळी आणि दोन्ही बैठकींना खोबणी असेल तर अर्धा वेढा कापल्यावर एक टोक खोबणीत बसतं आणि दुसरं भलतीकडे येतं. अशा ठिकाणी पूर्ण वेढाच कापता येतो. आणि पूर्ण वेढा हिशोबात बसत नसेल, तर पुन्हा तयार स्प्रिंगा.

आणखी एक ठाम गोष्ट: स्प्रिंग तापवून बसवायची नाही. गॅसने दोन वेढे लाल केले की गाडी डोळ्यांदेखत खाली बसते, म्हणून ही युक्ती अजून टिकून आहे. पण पोलादाला दिलेलं पाणी तिथेच उतरतं. तो भाग मऊ होतो, दर महिन्याला थोडा थोडा बसत जातो, आणि मऊ-कडक भागाच्या सीमेवर एक दिवस तडा जातो. गॅस कटरने कापणंही त्याच कारणासाठी वर्ज्य.

स्प्रिंग काढणे

सामान: २ टनी ट्रॉली जॅक, चेसिससाठी दोन भक्कम स्टँड, लाकडी पाचरी, स्प्रिंगमधून जाईल अशी जाड साखळी आणि बोल्ट, दोन हातोडे, पाने, नवीन स्प्लिट पिना, टॉर्क रेंच, चष्मा. स्प्रिंगच्या आतून जाणारा कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं साधन) मिळत असेल तर नवख्याने तोच वापरावा. बाहेरून पंजे अडकवायचा कॉम्प्रेसर अरुंद जागेत आणि जाड तारेवर घसरतो.

उदाहरणातल्या गाडीचं चाक पूर्ण लोंबत असतानाही स्प्रिंगमध्ये ५७ गुणिले ४.८, म्हणजे २७० किलोंच्या वर जोर कोंडलेला आहे. पुढची प्रत्येक कृती हा आकडा लक्षात ठेवून करा. आर्मच्या समोर, स्प्रिंगच्या रेषेत बसायचं नाही, बाजूला बसायचं.

१. मागच्या चाकांना पुढून-मागून पाचरी लावा. पुढून उचलून चेसिसच्या मजबूत भागाखाली स्टँड द्या. आर्मखाली स्टँड नको. दोन्ही चाकं काढा, पण काम एका वेळी एकाच बाजूचं करा. दुसरी बाजू नमुना म्हणून तशीच राहू द्या.

२. शॉक अॅब्सॉर्बर बहुधा स्प्रिंगच्या मधून जातो, तो काढा. अँटी-रोल बारची (वळणावर झुकणं रोखणाऱ्या दांड्याची) लिंक आणि टाय रॉडचा (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचा) बाहेरचा सांधा सोडवा. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर काढून तारेने वर बांधा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत ठेवू नका.

३. साखळी स्प्रिंगमधून घालून चेसिसभोवती बोल्टने बांधा. स्प्रिंग शांतपणे लांब होईल एवढी ढील ठेवा, त्यापेक्षा जास्त नाही.

४. ट्रॉली जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जितका जवळ जाईल तितका लावा आणि आर्म थोडा वर उचला. गाडीतून इंजिन काढलेलं असेल तर इथेच अडाल: स्प्रिंग दबायच्या ऐवजी गाडीच स्टँडवरून उचलली जाईल. तेव्हा आतला कॉम्प्रेसर हाच मार्ग.

५. खालच्या बॉल जॉइंटची स्प्लिट पिन काढून नट सैल करा, पण चार-पाच आटे अडकलेले राहू द्या. आता सांध्याच्या जाड भागावर एका बाजूने हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका. शंकू सुटला की ‘टक्’ आवाज येतो आणि सांधा नटवर उतरतो. नट पूर्ण काढून मग ठोकणं ही या कामातली सगळ्यात धोकादायक चूक आहे.

६. जॅकने भार पुन्हा उचलून धरा, नट काढा, आणि जॅकचा व्हॉल्व्ह केसाएवढा उघडून आर्म हळूहळू खाली सोडा. आर्म कमानीत फिरतो, म्हणून जॅकची चाकं फिरायला मोकळी हवीत. हबचा भाग वरच्या आर्मला लोंबत राहील, तो तारेने बांधा.

७. आर्म खाली आल्यावर स्प्रिंग हाताने हलते का बघा. हलत असेल तरच काढा. काढण्याआधी वरचं टोक कुठलं, खालचं तारेचं टोक बैठकीच्या कुठल्या भोकापाशी आहे, याची खडूने खूण आणि मोबाइलवर फोटो घ्या.

स्प्रिंग बाहेर असताना

घाईने कापायला घेऊ नका. स्प्रिंग नसलेला आर्म जॅकने एका हाताने वर-खाली करता येतो, आणि ही संधी पुन्हा मिळायची नाही.

बॉल जॉइंट तात्पुरता जोडा, चाक लावा, आर्म जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर न्या. आता स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टायर मडगार्डच्या कमानीला, आतल्या पत्र्याला, अँटी-रोल बारला किंवा ब्रेक होजला लागतो का ते बघा. मोठे टायर बसवलेल्या गाड्यांत बहुतेक घासाघीस इथेच सापडते. चालत्या गाडीत ती टायरच्या कडेवर सापडते.

आर्म स्टॉपवर असतानाच शॉकच्या वरच्या-खालच्या बैठकींमधलं अंतर मोजा आणि शॉक पूर्ण दाबून त्याची लांबी मोजा. शॉकला अजून किमान १० मिमी जागा उरली पाहिजे. नाहीतर धक्का रबराऐवजी शॉकच्या तळावर बसतो आणि शॉक काही महिन्यांत गळायला लागतो. चाक पूर्ण लोंबलेल्या स्थितीत स्प्रिंगच्या वरच्या-खालच्या बैठकींमधलं अंतरही आत्ताच मोजा. हिशोबातला ३३३चा आकडा असाच मिळतो.

चाक काढून डिस्कला किंवा ड्रमला एक सरळ फळी बांधा, स्टेअरिंग मध्यावर अडकवून ठेवा. फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं अंतर गाडीच्या कडेने ताणलेल्या दोरीपासून मोजा. आर्म २० मिमी वर न्या, पुन्हा मोजा. आणखी २० मिमी, पुन्हा. दोन टोकांमधला फरक दर २० मिमीला १ मिमीपेक्षा जास्त बदलत असेल, तर नव्या उंचीवर गाडी प्रत्येक उंचवट्यावर स्वतःच वळायला बघेल. यावर उपाय आहेत, स्टेअरिंग रॅकची उंची बदलण्यापासून टाय रॉडचा सांधा हलवण्यापर्यंत, पण ते पहिल्याच प्रयत्नात हाती घेऊ नयेत. उतार कमी करा.

आर्मकडेही एक नजर टाका. नव्या उंचीवर खालच्या आर्मचं बाहेरचं टोक आतल्या टोकापेक्षा वर जात असेल तर थांबा. आर्म असा उलटा चढला की गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली घसरतो, आणि गाडी ठेंगणी होऊनही वळणावर जास्त झुकते.

कापणे

ठरलेल्या मापापेक्षा कमी कापा. हिशोब अर्ध्या वेढ्याचा आला असेल तर पहिल्या खेपेला पाव वेढा कापणं शहाणपणाचं आहे, भले सगळं दोनदा उघडावं लागलं तरी. पातळ पॅड, दुसरी स्प्रिंग, पुन्हा कापणं, हे सगळं करता येतं. कापलेला तुकडा परत वेल्डिंगने जोडता येत नाही.

मोकळ्या टोकापासून तारेवरून माप घ्या. वेढ्याचा मध्य-व्यास ११० मिमी असेल तर पूर्ण वेढा ३४५ मिमी तार, अर्धा १७३ मिमी. कागदी टेप गुंडाळून त्यावर खूण करा. दोन्ही स्प्रिंगा शेजारी ठेवून खुणा एकाच कोनावर आहेत ना ते बघा. डोळ्याला फसवण्यात कॉइल स्प्रिंग पटाईत असते.

स्प्रिंग व्हाइसमध्ये लाकूड लावून धरा. शेजारच्या वेढ्यांवर जाड कापड किंवा टेप गुंडाळा, कारण डिस्क निसटून तारेला पडलेला एक छोटा ओरखडासुद्धा पुढे तड्याचं मूळ ठरतो. अँगल ग्राइंडरला १ ते १.६ मिमीची कटिंग डिस्क लावून काटकोनात, थांबत थांबत कापा. टोक निळं पडलं तर घाई झाली. पाणी ओतून थंड करू नका. तापलेलं स्प्रिंग पोलाद अचानक निवलं की ठिसूळ होतं. हवेत निवू द्या. कापलेलं टोक बैठकीवर टेकून राहतं, पिळवटलं जात नाही, म्हणून तेवढ्या उष्णतेने बिघडत नाही.

कानशीने कडा १-२ मिमी गोलसर करा, तारेच्या ब्रशने गंज काढा, प्रायमर आणि रंग द्या. गंज काढायला ॲसिड किंवा वरून क्रोम चढवणं नको, त्याने कडक पोलाद आतून ठिसूळ होतं. बाजूला काढलेला तुकडा गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. पुढे कधी स्प्रिंग मागवायची वेळ आली तर तारेचा व्यास त्याच्यावर मोजता येतो.

परत बसवणे

काढलं त्याच्या उलट क्रमाने, पण चार जागी थांबायचं. रबर पॅड नवीन घाला. खालचं टोक बैठकीच्या पायरीला नेमकं टेकलं पाहिजे. जॅक उचलताना स्प्रिंग थोडी फिरते, म्हणून अर्ध्यावर थांबून टॉर्च मारून बघा आणि चुकलं असेल तर खाली सोडून पुन्हा सुरू करा. साखळी शेवटपर्यंत काढायची नाही. बॉल जॉइंटचा नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा, आणि स्प्लिट पिनेचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच फिरवा, मागे कधीही नाही.

सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी गोष्ट आर्मच्या बुशांची. रबरी बुशचे बोल्ट चाक लोंबत असताना घट्ट केले, तर गाडी खाली टेकल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी हव्यापेक्षा १०-१५ मिमी वर उभी राहते, ‘आपण कमी कापलं’ असं वाटतं, आणि वर्षभरात रबर फाटतं. म्हणून हे बोल्ट काम करताना नुसते सैल करून ठेवा, आणि गाडी रॅम्पवर स्वतःच्या वजनावर उभी असताना शेवटचे आवळा.

बंप स्टॉपचं रबर काढून टाकण्याचा मोह होतो. काढू नका. आर्म आणि रबरामधली जागा मूळच्या निम्म्याच्या खाली गेली असेल तर आखूड, मऊ आणि टोकाला निमुळता होत जाणारा स्टॉप बसवा.

जमिनीवर

गाडी ढकला, दाबा, मोजा. दोन्ही बाजूंत ५ मिमीपर्यंतचा फरक चालेल. त्याहून जास्त आला तर पुन्हा ग्राइंडर उचलू नका. आधी स्प्रिंगची टोकं बैठकीत आहेत का बघा, मग मागच्या स्प्रिंगा समान आहेत का. मागची एक बाजू बसलेली असेल तर पुढची तिरक्या रेषेतली, म्हणजे विरुद्ध बाजू वर उचललेली दिसते.

पहिली फेरी हळू, रिकाम्या रस्त्यावर. चालवताना ‘टंग्’ असा तारेसारखा आवाज आला तर स्प्रिंगचं टोक पायरीवरून सरकतंय. उंचवटा ओलांडल्यावर लगेच खट् आवाज आला तर चाक लोंबताना स्प्रिंग सैल होतेय. तशी गाडी चालवू नका. खड्ड्यात बोथट धक्का म्हणजे बंप स्टॉप, लोखंडी धक्का म्हणजे शॉकचा तळ. आणि गाडी उसळून दोन-तीनदा डोलत असेल तर जुने शॉक नव्या, कडक स्प्रिंगला आवरू शकत नाहीत.

त्याच दिवशी व्हील अलाइनमेंट करून घ्या. गाडी खाली आली की टो (चाकं पुढून आत-बाहेर वळलेली असणं) बदलतो, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बहुधा ऋण बाजूला, म्हणजे वरून आत सरकतो, आणि फक्त पुढून खाली आल्यामुळे कॅस्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कल) कमी होतो: २५०० मिमी व्हीलबेसच्या गाडीत ३० मिमीला सुमारे ०.७ अंश. स्टेअरिंग वळणानंतर पूर्वीसारखं आपोआप सरळ येत नाही ते यामुळे, म्हणून अलाइनमेंटवाल्याला कॅस्टर परत मिळवायला सांगा. टायर आतून झिजतो तेव्हा दोष बहुतेक लोक कॅम्बरला देतात. पण थोडासा चुकलेला टो कॅम्बरपेक्षा फार लवकर टायर खातो. हेडलाइटही पुन्हा लावून घ्या, गाडीचं नाक खाली गेलं की उजेडाची झेप आखडते. असा बदल केलेली गाडी तुमच्याकडच्या वाहन नियमांत आणि विम्यात बसते का, हे काम सुरू करण्याआधीच विचारून ठेवलेलं बरं.

सुमारे ५०० किलोमीटरनंतर चाकं काढून सगळे नट, स्प्रिंगची टोकं, ब्रेक होज आणि टायरच्या आतल्या कडा परत तपासा. तेव्हा उंचीही मोजा. नवीन रबर पॅड बसून गाडी दोन-तीन मिमी आणखी खाली आलेली असते, आणि अलाइनमेंटचा शेवटचा हात त्यानंतरच फिरवायचा असतो.